जयकर समितीचा रस्तेविषयक अहवाल : एक परीक्षण

इ. स. १९२७ सालीं हिंदुस्थान सरकारनें केंद्रीय विधिमंडळाच्या सभासदांची एक समिति नेमून तिजकडे देशांतील रस्त्यांच्या प्रश्नाचा विचार सोंपविला. बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर हे तिचे अध्यक्ष होते. त्यामुळें 'इंडियन रोड डेव्हलपमेंट कमिटी' हें तिचें सरकारी नांव मागें पडून 'जयकर समिति' या नांवानेंच ती आज ओळखली जाते. समितीचा अहवाल १९२८ सालीं बाहेर पडला. स्थापत्यशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांतून या अहवालाचा सारांश चार कलमांत दिलेला असतो व विद्यार्थी तीं चार कलमें पाठ करून परीक्षेस बसतात. इतिहासाच्या अभ्यासकांनीं मात्र त्याकडे फारसें लक्ष पुरविलेलें दिसत नाहीं.

याचें कारण उघड आहे. छापील सरकारी अहवाल म्हणजे साधन नव्हे, असा एक समज आम्हां संशोधकांत नकळत रुजला आहे. मोडी लिपींतील जकातीचा एखादा फाटका ताळेबंद हातीं आला, तर आम्ही तो रुमालांत बांधून ठेवितों, त्याची मिति लावितों, त्यांतील अक्षरांवर वाद घालितों. परंतु त्याच जकातीचा वंशज जो पेट्रोलवरील कर, त्याचा जन्म ज्या कागदांत झाला तो कागद आम्हांस रुक्ष वाटतो. वस्तुतः मार्ग, मार्गावरून जाणारा माल आणि त्या मालावर बसणारा कर, यांचा इतिहास अखंड आहे. १८१८ सालीं राज्य बदललें म्हणून बैलाच्या पाठीवरील ओझें बदललें नाहीं. हा अहवाल त्या अखंड परंपरेंत ठेवून पाहिला, तरच त्याचें मोल आणि त्याचें उणें हीं दोन्हीं ध्यानांत येतात, असें आम्हांस वाटतें; म्हणून हें परीक्षण.

(१) पूर्वपीठिका

मार्गाचा विचार करितांना इतिहासकारानें तीन गोष्टी विचाराव्या लागतात : पैसा कोणाकडून घेतला, तो कोठें गेला, आणि मार्ग नीट राखण्याचा बोजा कोणाच्या शिरावर पडला. या तीन प्रश्नांचीं उत्तरें वेगवेगळ्या काळीं वेगवेगळीं मिळतात.

जुन्नराजवळील नाणेघाटाच्या माथ्यावर दगडी रांजण आहे. सातवाहनांच्या काळीं या रांजणांत जकातीचीं नाणीं टाकीत, ही गोष्ट पर्यटकांस हटकून सांगितली जाते, आणि ती आतां इतकी पक्की झाली आहे कीं, तिला पुरावा कोणी मागत नाहीं. त्याच घाटांतील लेण्यांत राणी नागनिकेचा जो प्रसिद्ध लेख आहे, त्यांत यज्ञांचीं व दक्षिणांचीं वर्णनें आहेत. जकातीचा उल्लेख त्यांत नाहीं. घाटांतून व्यापार चाले, यांत संशय नाहीं. व्यापार तेथें कर, हेंहि अनुमान सयुक्तिक आहे. परंतु रांजण पाहून जकात सिद्ध करणें आणि जकात गृहीत धरून रांजणाचा अर्थ लावणें, यांतील फरक संशोधकानें विसरतां कामा नये. शिवाय जकात जरी सिद्ध झाली, तरी तिच्या पैशानें घाटाची पायवाट दुरुस्त होत होती कीं राजाच्या यज्ञास ती खर्ची पडत होती, हा खरा प्रश्न मागें उरतोच.

मराठी अमदानीपाशीं आलों म्हणजे जमीन अधिक घट्ट लागते. जकातीचे प्रकार, थळभरीत व थळमोड हे भेद, कमावीसदारांस दिलेले मक्ते, दस्तकें आणि माफीच्या सनदा यांनीं पेशवाईचीं दप्तरें भरलीं आहेत. मार्गांत ठिकठिकाणीं जकातदार बसलेला. एका राज्यांत सरकारी ठाणें, दुसऱ्या मुलखांत जहागीरदाराचें. व्यापाऱ्यास प्रत्येक ठिकाणीं थांबून झडती देणें परवडेना; तेव्हां त्यांतून 'हुंडेकरी' हा वर्ग निर्माण झाला. ठरीव रकमेंत माल मुक्कामास पोंचविण्याची व वाटेंतील सर्व जकाती भागविण्याची हमी हा हुंडेकरी घेई. एल्फिन्स्टननें पेशव्यांच्या जिंकलेल्या मुलखावरील आपल्या वृत्तांतांत या लोकांची आवर्जून नोंद केली आहे. ज्या कामासाठीं आजचें सरकार विजेच्या पट्ट्या मोटारींच्या कांचांस चिकटवितें, तें काम त्या वेळीं एका माणसाच्या पतीवर चाले. परंतु एक गोष्ट स्पष्टपणें लिहिली पाहिजे : ही जकात मार्गावर घेतली जाई, मार्गासाठीं नव्हे. ती राज्याची आमदनी होती. घाट बांधणें, विहीर खोदणें, धर्मशाळा उठविणें हीं कृत्यें पुण्याच्या खात्यांत पडत. महसुलाच्या खात्यांत नव्हत. अहल्याबाई होळकरांचीं बांधकामें लोकांच्या स्मरणांत राहिलीं तीं याच कारणानें.

कंपनी सरकारनें १८३८ सालीं मुंबई इलाख्यांतील अंतर्गत जकाती उठविल्या. हा प्रसंग मोठ्या उदारपणाचा म्हणून इंग्रज लेखक सांगतात. परंतु आमदनींतील तूट कोठून भरून काढली हें पाहूं गेल्यास मिठाकडे बोट दाखवावें लागतें. मिठावरील कर त्याच सुमारास बसला. आणि १८४४ सालीं शहरी कर उठवितांना तोच कर मणामागें ८ आण्यांवरून १ रुपयावर नेल्याबरोबर सुरतेस दंगा उसळला व सरकारास तो १२ आण्यांवर आणावा लागला. म्हणजे बैल हांकणाऱ्याच्या खांद्यावरील ओझें उतरलें, तें भाकरी खाणाऱ्या सर्वांच्या ताटांत पडलें. जकात गेली, तिची जागा घेणारा कर मात्र मार्गाशीं पूर्वीइतकाच असंबद्ध राहिला.

मार्गासाठीं म्हणून पैसा घेण्याची पद्धत आपल्याकडे पुढें दोन वाटांनीं आली. एक टोलाची. १८३० सालीं सर जॉन माल्कम यानें बोरघाटाचा गाडीरस्ता खुला केला. नंतर जसजशा सडका व पूल झाले, तसतसा टोल हा शब्दहि मराठींत रुळला. १८७५ च्या मुंबईच्या कायद्यानें टोलास व्यवस्थित रूप दिलें व तो मक्त्यानें देण्याची मोकळीक ठेविली. दुसरी वाट लोकलफंडाची. १८६९ च्या कायद्याप्रमाणें शेतसाऱ्याच्या रुपयामागें १ आणा जादा घेण्यांत येऊं लागला. त्यांतील एक तृतीयांश शाळांस व बाकीच्यांतून मुख्यतः रस्ते, अशी वांटणी होती. ही बाब फार महत्त्वाची आहे. मोटार या देशांत येण्यापूर्वी एक पिढीभर खेड्यांतील कुणबी आपल्या साऱ्याबरोबर रस्त्याचा आणा भरीत होता.

(२) अहवालाचा गाभा

१९१९ च्या सुधारणा-कायद्यानें रस्ते हा विषय प्रांतांकडे गेला, आणि प्रांतांनीं त्यांतील बराच भाग जिल्हा व तालुका लोकलबोर्डांवर सोंपविला. याच वेळीं पहिल्या महायुद्धानंतर मोटारींची संख्या झपाट्यानें वाढूं लागली. लोकलबोर्डांच्या सडका खडी, मुरूम आणि पाणी यांनीं बांधलेल्या. बैलगाडीच्या अरुंद लोखंडी धावेनें त्यांवर चाकोऱ्या पडत. मोटारीच्या रबरी चाकानें खडींतील बारीक माती उडून खडीच सुटी होई. एक वाहन रस्ता कापी, दुसरें तो उसवी. आणि दुरुस्तीस पैसा कोणाचा? तर साऱ्यावरील आणा भरणाऱ्याचा, ज्याच्या दारीं बहुधा मोटार नव्हती. मोटार जिल्ह्याच्या हद्दी ओलांडून जाई, पण लोकलबोर्डाची तिजोरी हद्दीपाशींच थांबे.

या पेंचांतून मार्ग काढण्यासाठीं समितीनें ज्या शिफारशी केल्या, त्यांतील मुख्य अशा : रस्त्यांची वाढ हें प्रांतिक सरकारें व स्थानिक संस्था यांच्या शक्तीबाहेरचें काम असून तें सर्व राष्ट्राच्या हिताचें मानावें, पेट्रोलवर जादा कर बसवून त्याच्या उत्पन्नाचा स्वतंत्र रस्ते-निधि करावा, रस्ते बांधणाऱ्या इंजिनियरांचें ज्ञान एकत्र आणणारी एक निमसरकारी संस्था स्थापावी, आणि संशोधनासाठीं एक वेगळी संस्था असावी.

पैकी दुसरी शिफारस लागलीच अमलांत आली. १९२९ च्या मार्च महिन्यापासून पेट्रोलच्या दर गॅलनमागें २ आणे जादा कर बसून केंद्रीय रस्ते-निधि उभा राहिला. १९३४ सालीं 'इंडियन रोड्स काँग्रेस' स्थापन झाली. संशोधनसंस्थेस मात्र स्वातंत्र्यानंतरची वाट पाहावी लागली; दिल्लीची केंद्रीय रस्ते-संशोधनसंस्था ही तिचीच परिणति होय. सरकारी समित्यांचे अहवाल बहुधा कपाटांत विसावतात, हें ध्यानीं घेतां या अहवालाच्या वांट्यास आलेलें यश असामान्यच म्हणावें लागेल.

(३) गुणविवेचन

अहवालाचा पहिला गुण हा कीं, त्यानें मार्गाचा पैसा मार्गास, हें तत्त्व या देशाच्या जमाखर्चांत प्रथमच सर्व देशाच्या पातळीवर मांडलें. टोलांतहि हें तत्त्व होतें, परंतु तें एका नाक्यापुरतें व एका पुलापुरतें. लोकलफंडांतहि होतें, परंतु तेथें देणारा एक व वापरणारा दुसरा अशी फारकत झालेली. पेट्रोलच्या करानें देणारा व वापरणारा यांची गांठ घातली. जो जितका रस्ता तुडवील, तितकें पेट्रोल जाळील. जितकें पेट्रोल जाळील, तितका कर भरील. यास नाका लागत नाहीं, नाकेदार लागत नाहीं, झडती लागत नाहीं. ज्या अडचणीवर उतारा म्हणून पेशवाईंत हुंडेकरी निर्माण झाला, ती अडचणच या युक्तीनें नाहींशी केली.

दुसरा गुण निधीच्या घडणींत आहे. सरकारी खात्यांत वर्षअखेरीस न खर्चलेली रक्कम बुडते. म्हणून मार्च महिन्यांत कशीबशी कामें उरकण्याची घाई होते. या निधींतील शिल्लक बुडूं नये, अशी व्यवस्था करण्यांत आली. पुलाचें काम एका पावसाळ्यांत उरकत नाहीं, हें ज्यास ठाऊक आहे त्यासच अशी तजवीज सुचेल.

तिसरा गुण अध्यक्षांचा. जयकर हे व्यवसायानें कायदेपंडित. पुढें फेडरल कोर्टाचे न्यायाधीश, प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीचे सभासद व पुणें विद्यापीठाचे पहिले कुलगुरु झालेले. पुण्याच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयास त्यांचें नांव आहे, आणि तेथें बसून वाचणाऱ्या किती जणांस या पुरुषाचा रस्त्यांशीं संबंध ठाऊक असेल, याची आम्हांस शंका आहे. राजकारणांत ते प्रतियोगी सहकारितेच्या पक्षाचे. सरकारशीं जेथें जुळेल तेथें काम करावें व जेथें जुळणार नाहीं तेथें विरोध करावा, हें त्या पक्षाचें धोरण. तें बरें कीं वाईट हा वाद निराळा. परंतु त्या धोरणाचें एक टिकाऊ फळ दाखवावयाचें झाल्यास ह्या अहवालाकडे बोट दाखवावें लागेल. मोटार परदेशी, तेव्हां तिच्यासाठीं रस्ते करणें म्हणजे परक्या कारखानदारांस गिऱ्हाईक मिळवून देणें, असा आक्षेप कोणी घेईल. त्यास उत्तर हेंच कीं, मोटारी या अहवालाच्या आधींच आल्या होत्या. त्यांच्या येण्याचा खर्च कुणब्यानें सोसावा कीं मोटारवाल्यानें, एवढाच प्रश्न शिल्लक होता, आणि अहवालानें त्याचें उत्तर न्यायाच्या बाजूनें दिलें.

(४) दोषविवेचन

इतकें मान्य करूनहि, अहवालापासून जी व्यवस्था निघाली तिच्यांत तीन दोष राहिले, असें आमचें मत आहे. ते किरकोळ नव्हत.

पहिला दोष वांटणीच्या मापाचा. निधीचा मोठा भाग प्रांतांस वांटावयाचा, तो ज्या त्या प्रांतांतील पेट्रोलच्या खपाच्या प्रमाणांत, असें ठरलें. वरवर पाहतां हें सरळ दिसतें. ज्यानें दिलें त्यास परत मिळालें. परंतु अहवालाच्या पहिल्या शिफारशीशीं हें जुळत नाहीं. रस्ता हें जर राष्ट्राचें काम, तर वांटणी गरजेच्या मापानें झाली पाहिजे. आणि वांटणी जर खपाच्या मापानें, तर तें राष्ट्राचें काम नव्हे, तें मोटारवाल्यांचें परस्पर भिशीचें खातें झालें. जेथें मोठीं शहरें तेथें मोटारी. जेथें मोटारी तेथें पेट्रोल. जेथें पेट्रोल तेथें निधि. आणि जेथें निधि तेथें चांगल्या सडका व पुन्हां अधिक मोटारी. हें चक्र एकदां सुरू झालें म्हणजे ज्या प्रांतांत रस्तेच नाहींत त्यास रस्ता मिळावा कसा? बैलगाडी पेट्रोल पीत नाहीं. म्हणून या मापांत ती मोजलीच जात नाहीं. त्या काळीं देशांतील शेतमालाचा फार मोठा भाग शेतापासून बाजारापर्यंत बैलगाडीनेंच जात असे, हें लक्षांत घेतलें म्हणजे मापाचें वैगुण्य किती खोल होतें तें दिसून येईल. साऱ्यावरील आणा भरणारा कुणबी लोकलफंडाच्या व्यवस्थेंत देणारा तरी होता; या नव्या व्यवस्थेंत तो घेणाराहि राहिला नाहीं.

दुसरा दोष दुरुस्तीविषयींचा. निधीचा विनियोग मुख्यतः नवे रस्ते, नवे पूल व जुन्या रस्त्यांची मोठी सुधारणा यांसाठीं होता. नेहमीची डागडुजी प्रांतांच्या व स्थानिक संस्थांच्या गळ्यांत पूर्ववत् राहिली. यामुळें एक विचित्र परिस्थिति उत्पन्न झाली. नवी सडक बांधावयास केंद्राचा पैसा; ती राखावयास स्थानिक तिजोरी. जेवढ्या सडका अधिक तेवढा राखण्याचा बोजा अधिक, आणि तो उचलावयाचा त्याच संस्थांनीं, ज्यांच्या शक्तीबाहेरचें हें काम म्हणून समिति नेमावी लागली होती! धर्मकृत्य म्हणून बांधलेल्या घाटाचें व विहिरीचें जें होतें तेंच येथें झालें. बांधणाऱ्याचें नांव शिळेवर राहतें. गाळ काढणाऱ्याचें नांव कोठेंच राहत नाहीं, आणि म्हणून गाळ काढावयास कोणी पुढें येत नाहीं. मार्गाच्या इतिहासांत बांधकामाची तारीख मिळते, मोडतोडीची मिळत नाहीं, हा आम्हां संशोधकांचाहि नेहमींचा अनुभव आहे.

तिसरा दोष कायद्याच्या आधाराचा. निधि उभा राहिला तो विधिमंडळाच्या ठरावावर; स्वतंत्र कायद्यावर नव्हे. कायदेपंडिताच्या अध्यक्षतेखालीं झालेल्या कामाचें हें उणें विशेष खटकतें. ठराव हा सद्भावाचा कागद आहे. कायदा हा हक्काचा. याचा परिणाम हळूहळू दिसूं लागला. पेट्रोलवरील एकंदर कर पुढील काळांत अनेक पटींनीं वाढला, परंतु निधीच्या वांट्यास येणारी रक्कम दीर्घ काळ लिटरमागें मोजक्या पैशांच्याच घरांत राहिली. वाढलेला कर सर्वसाधारण तिजोरींत गेला. म्हणजे मार्गावर घेतलेला पैसा मार्गास न जातां राज्याच्या आमदनींत जाणें, हें जें पेशवाईच्या जकातीचें लक्षण, तेंच नव्या वेषांत परत आलें. निधीस कायद्याचा आधार मिळाला तो २००० सालीं. १९२९ पासून मोजलें तर एकाहत्तर वर्षांनीं.

याखेरीज रेल्वेचा प्रश्न आहे. १८६३ सालीं बोरघाटांतून आगगाडी गेली, तेव्हांपासून मुंबई-पुणें या दोन शहरांमध्यें सडक आणि लोहमार्ग एकमेकांच्या जवळून चालतात. देशांत अन्यत्रहि पक्क्या सडकांचा मोठा भाग लोहमार्गाच्या आसपास गेलेला. निधीच्या पैशानें सडक सुधारली म्हणजे मोटार आगगाडीचा उतारू पळविणार हें उघड होतें. १९३२-३३ सालीं मिचेल व कर्कनेस या दोघांकडे या चढाओढीचा स्वतंत्र तपास द्यावा लागला, १९३३ सालीं सिमल्यास परिषद भरवावी लागली, आणि १९३९ सालीं मोटारींचा नवा कायदा करावा लागला. सरकारचे दोन हात दोन दिशांस ओढूं लागल्याचें हें चिन्ह होय. याचा सर्व दोष जयकर समितीवर टाकणें अन्यायाचें होईल, कारण रेल्वेचा कारभार तिच्या अधिकारांत नव्हता. परंतु रस्त्याचा विचार रेल्वेस वगळून करतां येत नाहीं, हा धडा या प्रकरणापासून घेण्याजोगा आहे.

(५) पुढील इतिहासाची साक्ष

टीकाकाराचें मत खरें कीं खोटें, हें पुढील घडामोडींवरून ताडून पाहणें हा उत्तम मार्ग. १९४३ च्या डिसेंबरांत नागपुरास चीफ इंजिनियरांची परिषद भरली. तिनें वीस वर्षांची योजना आंखली. रस्त्यांचे राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा व ग्राम असे वर्ग पाडले. आणि १०० चौरस किलोमीटर क्षेत्रामागें सुमारें १६ किलोमीटर रस्ता, हें उद्दिष्ट ठेविलें. शेतीनें भरभराटलेल्या मुलखांत कोणतेंहि खेडें मुख्य रस्त्यापासून ५ मैलांहून दूर नसावें, असाहि दंडक घातला. येथें माप बदललें, हें वाचकांनीं पाहावें. जयकरांच्या निधीनें पेट्रोल मोजलें. नागपूरच्या इंजिनियरांनीं जमीन मोजली आणि खेड्यापासूनचें अंतर मोजलें. जो दोष आम्हीं पहिला म्हणून सांगितला, त्याची कबुली पंधरा वर्षांच्या आंत खुद्द सरकारच्या इंजिनियरांनींच कागदावर दिली, असें म्हणावयास हरकत नाहीं. १९६१ च्या सुमारास लांबीचें उद्दिष्ट पुरें झालें. मात्र लांबी पुरी होणें व खेड्यास बारमाही रस्ता मिळणें या दोन गोष्टी निराळ्या आहेत; पावसाळ्यांत ओढ्याशीं अडलेल्या गाडीवानास मैलांच्या बेरजेचा उपयोग नसतो.

१९४७ च्या एप्रिलपासून राष्ट्रीय महामार्गांचा खर्च केंद्रानें उचलला व १९५६ सालीं त्यांचा कायदा झाला. समितीच्या पहिल्या शिफारशीची ही पूर्तता होय. २००० च्या केंद्रीय रस्ते-निधीच्या कायद्यानें डिझेलवरील उपकराचा अर्धा भाग ग्रामीण रस्त्यांसाठीं राखून ठेविला, आणि राज्यांच्या वांटणींत खपाबरोबर क्षेत्रफळाचाहि विचार होऊं लागला. त्याच वर्षीं पंतप्रधान ग्रामसडक योजना सुरू झाली. पेट्रोल न जाळणाऱ्या खेड्यास रस्त्याच्या निधींत हक्काचा वांटा मिळण्यास एवढा काळ जावा लागला.

परंतु येथेंच कथा संपत नाहीं. २०१८ सालीं या निधीचें नांव बदलून 'केंद्रीय रस्ते व पायाभूत सुविधा निधि' असें झालें, आणि रस्त्यांखेरीज इतर कामांसहि त्याची वाट मोकळी झाली. तीं कामें निरुपयोगी आहेत असें कोणी म्हणणार नाहीं. तथापि रस्त्याचा पैसा रस्त्यास, ही जी गांठ १९२९ सालीं बांधली गेली होती, ती सैल झाली हें इतिहासकारानें नोंदविलें पाहिजे. आणि गंमत अशी कीं, पेट्रोलच्या कराबरोबर टोलहि परत आलाच. महाराष्ट्रांत खाजगी भांडवलानें बांधलेल्या रस्त्यांवर नाकीं बसलीं. लोकांच्या असंतोषामुळें २०१५ सालीं सरकारनें १२ नाकीं बंद केलीं व आणखी ५३ नाक्यांवर हलक्या वाहनांस सूट दिली. २०२४ च्या ऑक्टोबरांत मुंबईच्या पांच प्रवेशद्वारांवरहि हलक्या मोटारींचा टोल गेला. ज्यांनीं जकातीच्या माफीच्या सनदा वाचल्या आहेत, त्यांस यांत नवें कांहीं वाटणार नाहीं. कोणास माफी, किती काळ, आणि माफीची तूट कोण भरणार, हे प्रश्न सनदेच्या कागदावर जसे अनुत्तरित असत, तसेच ते आजच्या अधिसूचनेच्या पाठीमागें उभे आहेत. १८४४ सालीं तूट मिठावर पडली होती. आज ती सर्वसाधारण तिजोरीवर, म्हणजे ज्यांच्यापाशीं मोटार नाहीं त्यांच्यावरहि पडते.

(६) निष्कर्ष व विनंती

एकंदरींत आमचें मत असें : जयकर समितीचा अहवाल हा आपल्या मार्गांच्या इतिहासांतील पहिल्या प्रतीचा लेख होय. मार्गावर घेतलेला पैसा राज्याच्या आमदनींत न जातां मार्गास जावा, हें त्यानें देशास शिकविलें. परंतु तो पैसा कोणत्या मार्गास जावा, हें त्यापासून निघालेल्या व्यवस्थेनें मोटारीच्या टांकीवरून ठरविलें, आणि तो पैसा मार्गासच जाईल याची कायद्यानें शाश्वति करून घेतली नाहीं. पहिल्या गोष्टीचें श्रेय अहवालास देणें व दुसरीचा बोल त्याच्या व्यवस्थेस लावणें, या दोन्हींत आम्हांस विसंगति दिसत नाहीं. रस्त्यासंबंधानें सरकारनें यापुढें कोणतीहि योजना काढली, तरी तिची परीक्षा याच दोन कसोट्यांवर करावी : पैसा मोजण्याचें माप कोणतें, आणि तो राखण्याचा कायदा कोणता.

शेवटीं संग्राहकांस एक विनंती. वर सांगितलेल्या व्यवस्थांची वरची बाजू छापील अहवालांत मिळते. खालची बाजू, म्हणजे एखाद्या तालुक्यांत प्रत्यक्ष काय घडलें ती, तेथें मिळत नाहीं. ती टोलनाक्यांच्या लिलावाच्या यादींत, मक्तेदारांच्या कबुलायतींत, लोकलबोर्डाच्या ठरावबुकांत, खडी व मुरूम यांच्या हजेरीपटांत, आणि 'आमच्या गांवास वाट नाहीं' अशा गांवकऱ्यांच्या अर्जांत असते. हे कागद मोडीचे नव्हत, त्यांवर शिक्का-मोर्तब नाहीं, आणि त्यांचा कागदहि हलका. म्हणून ते जुने म्हणून कोणी जपत नाहीं व नवे म्हणून कोणी वाचत नाहीं. कचेरीची जागा बदलली कीं ते प्रथम रद्दींत जातात. जकातीच्या ताळेबंदास आपण ज्या मायेनें रुमाल बांधितों, तीच माया या कागदांस दाखविली नाहीं, तर पेशव्यांच्या काळीं एका बैलावर किती जकात बसे हें आम्ही सांगूं शकूं; परंतु आपल्याच आजोबांच्या काळीं आपल्या गांवच्या ओढ्यावर पूल कां झाला नाहीं, याचें उत्तर देतां येणार नाहीं. असे कागद ज्यांच्या दृष्टीस पडतील, त्यांनीं ते रद्दीवाल्याच्या तराजूंत जाण्यापूर्वीं उचलावे, त्यांची यादी करावी, आणि यादी तरी प्रसिद्ध करावी.